करणाऱ्यांची वही

१

चष्मा फुटला तो रविवारी सकाळी. मीनाक्षी चादर झटकत होती. उशाशी ठेवलेला चष्मा फरशीवर आपटला आणि डावी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

"काय झालं गं?" व्हरांड्यातून बाबांनी विचारलं.

"चष्मा फुटला."

"कोणी फोडला?"

छत्तीस वर्षांची, वाचनालयात नोकरी करणारी मीनाक्षी या प्रश्नानं अजूनही सहा वर्षांची व्हायची. "फुटला, बाबा. पडला नि फुटला."

"बरं. जिवाला कंटाळून उडी मारली असेल त्यानं," ते म्हणाले आणि हसत आंघोळीला गेले.

मधुसूदनराव कन्नडकरांचा धंदाच हा प्रश्न विचारण्याचा होता. औरंगपुऱ्यात हमीदचाचांच्या बुकबाइंडिंगच्या दुकानावर त्यांची खोली होती. दोन टाइपरायटर, एक टेबल आणि बाहेर पाटी : इंग्रजी अर्ज, तक्रारी व रिपोर्ट लिहून मिळतील. निजामाच्या कचेरीत ते मुन्शी होते, म्हणून पोलीस अ‍ॅक्शनला छत्तीस वर्षं झाली तरी बाजार त्यांना मुन्शीजीच म्हणे. राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, तेव्हा सव्विसाव्या वर्षी ते इंग्रजी शिकले. आणि शिकले ते फायलींमधून. तिथं त्यांना दिसलं, की या इंग्रजीत कामं होतात, पण करणारा कोणी नसतो. अर्ज नाकारला जातो. वीज तोडली जाते. चूक झालेली असते, खेद व्यक्त केला जातो.

"सगळीच लबाडी नसते," ते म्हणत. "पेशंटला औषध दिलं गेलं असं डॉक्टर लिहितो, तिथं औषध महत्त्वाचं, नर्सचं नाव नव्हे. पण माणूस मेलेला असला, की मी विचारतो."

म्हणून कोणीही समोर बसलं की त्यांचा पहिला सवाल असे, "केलं कोणी?" उत्तर मिळाल्याशिवाय ते मशीनवर कागद चढवत नसत. मग लोकांना हवं तसलं गुळगुळीत इंग्रजी ते टाइप करून देत, पण करणाऱ्याचं नाव आपल्या वहीत टिपून ठेवत. कागद त्यांचा, वही माझी, असा त्यांचा हिशेब.

तीन महिन्यांपूर्वी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीन कडूबा नावाच्या कामगाराच्या दोन्ही हातांवर उतरलं. कोपरापासून खाली काही उरलं नाही. दवाखाना येण्याआधी रिक्षातच रक्त संपून तो मेला. कारखान्याचा रिपोर्ट मुन्शीजींनीच लिहून दिला होता. ‘द सेफ्टी गार्ड वॉज रिमूव्ह्ड. द मशीन वॉज स्टार्टेड.’ गेल्या आठवड्यात कडूबाची विधवा, मनकर्णाबाई, तोच कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली. कोणाकडून तरी वाचून घेतला होता तिनं. "यात माझ्या मालकाचं नाव दोनदा हाय," ती म्हणाली. "मारणाऱ्याचं एकदाबी नाय."

कागद घडी घालून तिला परत देत मुन्शीजी म्हणाले, "मंगळवारी तुमच्या भरपाईच्या दाव्याला कोर्टात मी येतो, बाई."

आणि म्हणूनच रविवारी दहाच्या सुमाराला, बाबा आंघोळीला असताना, त्या कारखान्यातले दोघं गारखेड्याच्या घरी आले. पुढं मॅनेजर काकासाहेब. लासूर स्टेशनच्या बागायतदाराचा मुलगा, वय बत्तीस. मागं पन्नाशीचा फोरमन बद्रीनाथ, हातात सीताफळांची टोपली.

"मळ्यातली हायेत, ताई. मुन्शीजींना आवडत्यात," काकासाहेब म्हणाला.

बद्रीनाथनं एका फळाभोवतीचा जुना छापील कागद मांडीवर सरळ केला आणि ओठ हलवत वाचू लागला. "हैदराबादंत कांदा लई महाग झालाय म्हणं."

"हे मुंग्यांचे पाय तुला वाचता येत्यात व्हय?"

"आमच्या शाळंत हेच व्हतं, मालक. तुमचा जन्म नव्हता तवा."

काकासाहेब मोठ्यानं हसला. मग मीनाक्षीकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "ताई, मुन्शीजींचं वय झालं. कोर्टात वकील आडवंतिडवं इचारत्यात. कुणी काय केलं, कोण काय बोललं, एवढं त्यांच्या ध्यानात राहिलं असंल का?"

हे मीनाक्षीला झोंबलं. बाबांच्या स्मरणशक्तीवर कोणी बोट ठेवलेलं तिला खपत नसे.

"ध्यानात ठेवायची गरजच नाही त्यांना," ती म्हणाली. "सगळं लिहिलेलं असतं. निळ्या वहीत, टेबलाच्या डाव्या खणात."

चहाचे कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाबा पंचानं डोकं पुसत बाहेर आले. कोर्टात काय सांगणार, असं विचारल्यावर त्यांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "कोर्टानं विचारलं तर सांगेन. नाही विचारलं, तर विचारा म्हणेन."

सोमवारी सकाळी त्यांनी काचेला चिकटपट्टी लावली, चष्मा नाकावर चढवला आणि ते रिक्षात बसले. "आज तुझ्या दोन-दोन मूर्ती दिसताहेत," ते म्हणाले. हे त्यांचं तिच्याशी शेवटचं बोलणं.

२

सोमवारी साडेपाचला केशव धावत वाचनालयात आला. बाबांचा मदतनीस, दहा वर्षं दुसऱ्या टाइपरायटरवर बसणारा. त्यानं फक्त हात पुढं केले. मनगटापर्यंत लाल होते.

मीनाक्षीनं खोली पाहिली, ती दारातूनच. बाबा खुर्चीतून अर्धे खाली घसरले होते. डोक्याची डावी बाजू आत गेली होती. कागद दाबायचं दोन किलोचं लोखंडी वजन शेजारी पडलं होतं, त्याला पांढरे केस चिकटलेले. पण तिची नजर खिळली ती उजव्या हातावर. तो हात डाव्या खणात घालून कोणीतरी खण दाणकन बंद केला होता. एकदा नव्हे, अनेकदा. टाइप करणारी चारही बोटं पेरांतून मोडून उलटी झाली होती.

ज्या माणसाच्या बोटांचा आवाज ऐकत ती झोपी जात असे, त्याला मारण्याआधी कोणीतरी काहीतरी विचारलं होतं.

फौजदार सांडू तुपे जाडजूड, घामेजलेला माणूस. त्यानं खाली बसून खण नीट पाहिला. "पैशाची पेटी तशीच हाय. घड्याळ तसंच हाय. ताई, या खणात काय असायचं?"

"वही. निळी वही."

निळी वही खोलीत कुठंच नव्हती.

शिपाई पंचनामा लिहीत होता. फरशीवर कागदांचा सडा, सगळेच रक्तानं भिजलेले. ‘तपकिरी पुठ्ठ्याची कोरी वही, एक,’ त्यानं लिहिलं, ती पायानं बाजूला सारली, आणि पुढं गेला.

३

"या वहीचं कुणाकुणाला ठावं व्हतं?" तुप्यानं मंगळवारी चौकीत विचारलं. ज्या वेळी बाबा कोर्टात उभे असते, त्या वेळी मीनाक्षी त्याच्यासमोर बसली होती.

"केशवला. तो तिथंच असतो."

"अजून?"

मीनाक्षीच्या जिभेवर आलं होतं. पण डोळ्यांसमोर ती चार बोटं आली.

"बाहेर कुणाला सांगितलं गेलं नव्हतं," ती म्हणाली.

शिपायानं जसंच्या तसं उतरवलं. मीनाक्षीनं खाली सही केली.

तुप्यानं तिघांना बोलावलं होतं. केशव म्हणाला, की चार वाजता तो रजिस्टर पत्रं टाकायला गेला होता. परत आला तर दार सताड उघडं. काकासाहेब म्हणाला, की तो दिवसभर लासूर स्टेशनला होता, मळ्यात. आणि बद्रीनाथ काहीच बोलेना. त्याच्या घरी धुवायला टाकलेला सदरा सापडला, त्याच्या बाहीवर रक्त होतं. आणि त्याला सव्वाचारला जिन्यावरून धडपडत उतरताना पानवाल्यानं पाहिलं होतं.

"गार्ड कुणी काढला व्हता मशीनचा? फोरमननंच काढायचा असतो ना?" तुप्यानं त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "त्या वहीत तुझं नाव व्हतं!"

"मी त्यांना सांगायला गेल्तो साहेब, का उद्या मीबी येतो कोर्टात," बद्रीनाथ अखेर बोलला. "मी गेलो तवा मुन्शीजी मेल्ते. मी डोकं उचलून बघितलं. भ्यालो. पळालो."

त्याला आत नेलं. मीनाक्षी बाहेर बाकावर बसून होती. भिंतीपलीकडून पट्ट्याचा आवाज आला, मग ओरडणं, मग नुसतं कण्हणं. तिला वाटलं होतं, की हे ऐकून आपल्याला बरं वाटेल.

४

बुधवारी काकासाहेब भेटायला आला. पांढरे कपडे, टोपी हातात.

"घरातला साप निघाला तो बद्र्या," तो म्हणाला. "मीच त्याला त्या दिवशी तुमच्याकडं घेऊन आलो. मलाच खातंय ते." मग हळूच, "ताई, ते वहीचं तुम्ही बोललात ना, ते काय आता कुणाला सांगत बसू नका. झालं ते झालं. उगी तुम्हालाच टोचणी लागंल. लोकं काय, म्हणतील, पोरीनंच बापाला..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मीनाक्षीला त्या क्षणी तो फार समजूतदार वाटला.

दुपारी मनकर्णाबाई आली. लासूरकडचीच, उन्हानं रापलेली. तिनं मीनाक्षीचे दोन्ही हात आपल्या खरखरीत हातांत घेतले आणि म्हणाली, "बद्रीनाथला मारत्यात म्हणं. त्यो नसंल, माय. माझ्या मालकाला मशीनीतून वढून काढलं ते त्यानं. रिक्षात मांडीवर घेतलं ते त्यानं. तवा मॅनेजर मशीन पुसून घेत व्हता."

"मग गार्ड कोणी काढला?"

"तेच तर मुन्शीजी सांगणार व्हते. त्यांच्या वहीत व्हतं."

५

गुरुवारी पोलिसांनी खोली मोकळी करून दिली. मीनाक्षी आणि केशव कागद आवरायला गेले. केशव फरशी पुसत होता, पुसता पुसता रडत होता.

तपकिरी वही कोपऱ्यात पालथी पडली होती. मीनाक्षीनं ती उचलून उघडली. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. तिसऱ्याच्या कोपऱ्यावर वाळलेलं रक्त, बोटानं ओढल्यासारखं. ठसा नाही, हाताला फडकं गुंडाळलेलं असावं. पण आणखी पुढच्या दोन पानांच्या कोपऱ्यांवरही तसाच, फिकट होत गेलेला डाग. म्हणजे ही वही रक्तात पडली नव्हती. रक्ताच्या हातानं कोणी ती पान पान चाळली होती, आणि मग भिरकावली होती.

कोरी वही कोणी कशाला चाळेल?

ती जिना उतरून हमीदचाचांकडे गेली. वही त्यांच्याच दुकानात बांधलेली होती. पंच्याहत्तरीचे चाचा खळीच्या भांड्याशी बसले होते.

"चाचा, ही कोरी वही बाबांनी कधी नेली?"

"कोरी?" चाचांनी वही हातात घेतली, सवयीनं फिरवली, आणि दुसऱ्या बाजूनं उघडली. "अरे बेटा, ये तो आधे तक भरेली है."

मीनाक्षी पाहत राहिली. बारीक, उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या ओळी. पानामागून पान.

"मुन्शीजी खुद का सब उर्दू में लिखते थे ना," चाचा म्हणाले. "तुझको नहीं मालूम?"

नव्हतं मालूम. तिनं वही नेहमी टेबलापलीकडून, बंद असलेली पाहिली होती. मागं येऊन उभा राहिलेला केशव चकित झाला. "ताई, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. चालू वही हीच. निळी तर मागच्या दिवाळीलाच भरली."

मीनाक्षी दुकानाच्या पायरीवर खाली बसली. रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते, पण तिला आतून सगळं स्वच्छ दिसू लागलं होतं.

केशवनं खून केला असता, तर त्यानं तपकिरी वही नेली असती. निळी जुनी आहे हे त्याला ठाऊक होतं. खुन्यानं निळी नेली. म्हणजे त्याला कोणीतरी चुकीचा रंग सांगितला होता. हा चुकीचा रंग जगात एकाच माणसाच्या डोक्यात होता. तिच्या.

आणि तिच्याकडून तो दोघांनी ऐकला होता. दोघांपैकी एक जण सीताफळाचा उर्दू कागद मांडीवर ठेवून वाचत होता. त्यानं ही वही चाळली असती, तर पहिलं कोरं पान दिसताच सवयीनं उलटी केली असती. आणि निळीवरच्या तारखा वाचून ती जागीच ठेवली असती. खण उघडून वरची वही डावीकडून चाळणारा, कोरी म्हणून फेकणारा आणि खालची, एक अक्षर वाचता न येणारी निळी उचलून पळणारा माणूस दुसरा होता.

"चाचा," ती म्हणाली, "कडूबाचं पान शोधा."

चाचांनी चष्मा पुसला. बोट ओळींवरून सरकत राहिलं, थांबलं. ते मराठीतून एकेक शब्द सांगू लागले. "गार्ड काढला, काकासाहेबांनी, माल लवकर निघावा म्हणून. नको म्हणाला, बद्रीनाथ. मशीन चालू करायला लावलं, काकासाहेबांनी. रिपोर्ट लिहिला..." चाचा अडखळले. "रिपोर्ट लिहिला, मी."

चाचांनी शेवटचं पान उलटलं. एकच ओळ होती, रविवारच्या तारखेची; घरी टिपण केलेलं सोमवारी उतरवून घेतलेलं असावं. चाचांना हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

"चश्मा तोडा, मीनाक्षी ने," त्यांनी वाचलं. "आगे लिखा है, अब तक बोली नहीं."

६

शुक्रवारी तुप्यानं सगळ्यांना त्याच खोलीत जमवलं. बद्रीनाथला दोन शिपायांनी धरून वर आणलं; त्याचा एक डोळा सुजून मिटला होता आणि तो पाय ओढत होता. काकासाहेब पांढऱ्या कपड्यांत टेबलाला टेकून उभा राहिला.

मीनाक्षीनं दोन्ही वह्यांचं सांगितलं. चाचांनी पान वाचायला घेतलं. "गार्ड काढला, काकासाहेबांनी," एवढं झालं आणि काकासाहेबानं झेप घेतली. त्यानं वहीला हात घातला, चाचा सोडेनात, तेव्हा त्यांच्या तोंडावर कोपर हाणलं. म्हाताऱ्याचे ओठ फाटले, दाढीवर रक्त ओघळलं, तरी दोन्ही हात वहीवर. मीनाक्षी मधे पडली. तिच्या केसांना हिसका बसला, कपाळ टाइपरायटरच्या कडेवर आपटलं, डोळ्यांसमोर पांढरं झालं. कोणीतरी गुरासारखं हंबरलं. बद्रीनाथनं मोडक्या पायानिशी स्वतःला त्याच्या अंगावर फेकलं होतं, आणि दोघं टेबलासकट खाली आले.

तुप्यानं काकासाहेबाला मानेला धरून भिंतीवर दाबलं.

धापा टाकत काकासाहेब हसला. "वहीत नाव हाय, ते मशीनीचं. खुनाचं नाय. तो दंड भरू आमी. फौजदारसाहेब, निळ्या वहीचं मला कसं ठावं असणार? कुणी सांगितलं मला? या बद्र्यानं? आरोपीचं सांगणं मानणार तुमी?"

तुप्यानं मीनाक्षीकडे पाहिलं. त्याच्या हातात तिची मंगळवारची जबानी होती.

"ह्याचं खरं हाय, ताई," तो सावकाश म्हणाला. "तुम्हीच लिहून दिलंय, बाहेर कुणाला सांगितलं गेलं नव्हतं. मग निळी नेली त्याचा धागा जुळत नाय. हा सुटतो. आणि बाहीवर रक्त असलेला तो," त्यानं बद्रीनाथकडे मान केली, "तो लटकतो."

"ताई दुःखात हायेत," काकासाहेब मऊ आवाजात म्हणाला. नजर मात्र मीनाक्षीवर रोखलेली. "त्यांना कशाला तरास देता?"

मीनाक्षीच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही. भिंतीशी बसलेला बद्रीनाथ उघड्या डोळ्यानं तिच्याकडे पाहत होता. त्यानंही रविवारी ते ऐकलं होतं. चार दिवस पट्टे खाताना त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं.

"जबानी बदलायची आहे," ती म्हणाली.

शिपायानं कागद मांडीवर घेतला. तिचे हुंदके ऐकून त्यानं मदत म्हणून स्वतःच सुरुवात केली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "रविवार रोजी, बोलण्याच्या ओघात, वहीचा रंग व जागा उघड झाली..."

"नाही," मीनाक्षी म्हणाली. "ते खोडा."

शिपायानं तुप्याकडे पाहिलं. तुप्यानं मान डोलावली.

तिनं खणाकडे पाहिलं. लाकडाच्या कडेवर अजून काळसर डाग होता. तिथंच, कोणा अनोळखी माणसासमोर, बाबा नेहमी विचारत, केलं कोणी. आणि घरी, हसत, तिला. तिनं श्वास घेतला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं,

"चष्मा मी फोडला, बाबा. आणि वही कुठं आहे, ते याला मी सांगितलं."